ताटातील रिकामी जागा आणि डोळ्यातील भिंग

बंगळूरच्या आग्नेयेकडील बेळ्ळंदूर हे नाव महाराष्ट्रातील वाचकांना प्रामुख्याने दोन कारणांनी ठाऊक आहे. पहिले कारण तेथील तलाव. सुमारे ९०० एकरांच्या या तलावावर सांडपाण्यामुळे फेसाचे डोंगर उभे राहिले आणि २०१५, २०१७ व २०१८ मध्ये त्याच्या पृष्ठभागावर आगी लागल्याची छायाचित्रे देशभर पोहोचली. दुसरे कारण तेथील माहिती-तंत्रज्ञान कंपन्या. बेळगाव, कोल्हापूर, सोलापूर, लातूर या भागांतील शेतकरी कुटुंबांतील अनेक मुले-मुली आज या कंपन्यांत नोकरीला आहेत. एकेकाळी तलावाच्या पाण्यावर भात आणि भाजीपाला पिकवणाऱ्या या गावांच्या जमिनीवर आता काचेच्या इमारती उभ्या आहेत.

या नोकरदार वर्गात गेल्या काही वर्षांत 'लो-कार्ब' म्हणजे कमी कर्बोदकांच्या आहाराचे आकर्षण वाढले आहे. भात, पोळी, भाकरी, पोहे, साबुदाणा वर्ज्य करायचे आणि त्यांच्या जागी अंडी, पनीर, मांस, सुकामेवा व कोशिंबिरी घ्यायच्या, असे त्याचे साधारण स्वरूप असते. वजन कमी होते, रक्तातील साखर उतरते, हा अनुभव पुष्कळांना येतो. पुढे हाच सल्ला दूरध्वनीवरून गावाकडे पोहोचतो : भाकरी सोडा, मधुमेह जाईल, मोतीबिंदू टळेल, चष्म्याचा नंबरही उतरेल. शेतात राबणाऱ्या आई-वडिलांसमोर मग प्रश्न उभा राहतो की, पिढ्यान् पिढ्या ज्या धान्यावर घर चालले, ते धान्यच डोळ्यांचे वैरी आहे काय?

हा प्रश्न केवळ वैद्यकाचा मानून कृषी विस्तार यंत्रणेने बाजूला ठेवू नये. त्याचे निम्मे उत्तर दवाखान्यात असले, तरी उरलेले निम्मे शेतात आहे.

भिंग धूसर का होते?

डोळ्यातील भिंगाला रक्तवाहिन्या नसतात. त्याचे पोषण सभोवतालच्या नेत्रजलातून होते. भिंग ज्या प्रथिनांनी बनलेले असते, त्यांतील मध्यभागाची प्रथिने जन्मापूर्वी तयार झालेली असतात आणि ती आयुष्यभर बदलली जात नाहीत. त्वचा झिजली तर नवी येते, हाड मोडले तर सांधते. भिंगातील बिघडलेले प्रथिन मात्र बिघडलेलेच राहते. वयोमानाने अशी बिघडलेली प्रथिने एकत्र गोळा होतात, प्रकाश विखुरला जातो आणि दृष्टी धूसर होते. हाच मोतीबिंदू.

रक्तातील साखर वाढली की नेत्रजलातील साखरही वाढते. भिंगातील 'अल्डोज रिडक्टेज' नावाचे विकर या जादा साखरेचे सॉर्बिटॉलमध्ये रूपांतर करते. सॉर्बिटॉल भिंगातून सहजासहजी बाहेर पडत नाही. ते पाणी ओढून घेते आणि भिंगाचे तंतू सुजतात. दुसरीकडे साखर थेट प्रथिनांना चिकटून त्यांचे स्वरूप बिघडवते. मधुमेही व्यक्तींत मोतीबिंदू लवकर आणि अधिक प्रमाणात आढळतो, त्यामागे ही कारणे आहेत. कमी कर्बोदकांच्या आहाराचे समर्थक याच प्रक्रियेचा आधार घेतात आणि तेथपर्यंत त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे.

तेथून पुढची उडी मात्र मोठी आहे. साखर वाढल्याने भिंग बिघडते, यावरून ज्याची साखर मुळात सामान्य आहे त्याने भाकरी सोडल्यास मोतीबिंदू टळेल, असे सिद्ध होत नाही. लोकसंख्येवरील अभ्यासांची साक्ष संमिश्र आहे. ऑस्ट्रेलियातील ब्लू माउंटन्स नेत्र अभ्यासात दहा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००७ मध्ये असे दिसले की, रक्तातील साखर झपाट्याने वाढवणारी कर्बोदके अधिक खाणाऱ्यांत भिंगाच्या बाह्य थरातील मोतीबिंदू अधिक होता. भिंगाच्या मध्यभागातील मोतीबिंदूशी मात्र असा संबंध दिसला नाही. अमेरिकेतील परिचारिका व अन्य आरोग्य व्यावसायिकांवरील दोन मोठ्या अभ्यासांत, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, आहारातील शर्कराभार आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांचा संबंध आढळला नाही. एवढ्या पुराव्यावर धान्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे घाईचे ठरेल.

भारतीय ताटाचे खरे दुखणे

असे असले, तरी भारतीय ताटात कर्बोदकांचा भार जास्त आहे, हे नाकारता येत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 'इंडिॲब' या देशव्यापी अभ्यासाने २०२३ मध्ये देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही असल्याचा अंदाज दिला. ग्रामीण भागातील प्रमाण ८.९ टक्के होते. मधुमेह हा शहराचा आजार, ही समजूत आता सोडावी लागेल. याच अभ्यासमालेनुसार भारतीयांच्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात आणि प्रथिनांचा वाटा अपुरा राहतो. नव्याने मधुमेह आढळलेल्यांनी कर्बोदकांचा वाटा साधारण ४९ ते ५४ टक्क्यांवर आणावा आणि प्रथिनांचा वाटा १९ ते २० टक्क्यांपर्यंत वाढवावा, असे या अभ्यासगटाने २०२२ मध्ये सुचवले. म्हणजे भारतीयांसाठी सुचवलेला बदल हा ताटातील भाताचा ढीग लहान करण्याचा आणि डाळीची वाटी मोठी करण्याचा आहे. धान्याला हद्दपार करण्याची शिफारस त्यात नाही.

मोतीबिंदूपुरते पाहिले तर भारतीय ताटात काय जास्त आहे, यापेक्षा काय कमी आहे, याचा पुरावा अधिक ठोस आहे. हरियाणा आणि तमिळनाडू-पुदुच्चेरी परिसरातील साठ वर्षांवरील साडेपाच हजारांहून अधिक व्यक्तींच्या अभ्यासात उत्तरेकडील सुमारे ७४ टक्के आणि दक्षिणेकडील सुमारे ४६ टक्के लोकांच्या रक्तात 'क' जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. ज्यांच्या रक्तात हे जीवनसत्त्व अधिक, त्यांच्यात मोतीबिंदू कमी, असा संबंध २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांतून पुढे आला. नेत्रजलात 'क' जीवनसत्त्वाचे प्रमाण रक्तातील प्रमाणाच्या अनेक पट असते. भिंगातील प्रथिनांना ऑक्सिडीकरणापासून वाचवण्याच्या कामी ते येते. अशा निरीक्षणात्मक अभ्यासातून कार्यकारणभाव पूर्णपणे सिद्ध होत नाही, परंतु दिशा स्पष्ट दिसते. त्याच अभ्यासात तंबाखूचे सेवन आणि स्वयंपाकासाठी लाकूड-गोवऱ्यांचा वापर यांचा संबंधही 'क' जीवनसत्त्वाच्या कमतरतेशी आढळला.

अन्न हेच एकमेव कारण नाही, याचीही जाणीव ठेवली पाहिजे. गुरुग्राम, गुवाहाटी आणि आंध्र प्रदेशातील प्रकाशम या तीन ठिकाणी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने केलेल्या अभ्यासात वाढते वय, धूम्रपान, चुलीचा धूर आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांचा दीर्घकाळचा मारा यांचा मोतीबिंदूशी संबंध दिसला. हे सर्व घटक शेतकरी आणि शेतमजूर कुटुंबांच्या वाट्याला भरपूर येतात. भारतात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार पन्नाशीपुढील अंधत्वाच्या कारणांत मोतीबिंदूचा वाटा ६६.२ टक्के होता. उन्हात निंदणी करणाऱ्या आणि सायंकाळी चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रीला 'भाकरी सोडा' एवढाच सल्ला देणे म्हणजे रोग एकीकडे आणि औषध दुसरीकडे, असा प्रकार होईल.

वजाबाकीपेक्षा बेरीज महत्त्वाची

ताटातून भात किंवा भाकरी कमी केली की तेथे एक जागा रिकामी होते. डोळ्यांच्या दृष्टीने लाभ होणार की हानी, हे बहुतांशी त्या जागेवर काय वाढले जाते, यावर ठरते.

ब्रिटनमधील ऑक्सफर्ड येथील एका मोठ्या अभ्यासात २०११ मध्ये असे दिसले की, रोज १०० ग्रॅमहून अधिक मांस खाणाऱ्यांच्या तुलनेत शाकाहारी व्यक्तींत मोतीबिंदूचा धोका सुमारे तीस टक्क्यांनी कमी होता. शाकाहारी ताटात कर्बोदके सहसा अधिकच असतात. तरीही तेथे धोका कमी दिसावा, ही बाब धान्य हेच सर्व अनर्थांचे मूळ मानणाऱ्यांना विचारात घ्यावी लागेल. दुसऱ्या टोकाचे उदाहरण १९७९ सालच्या वैद्यकीय नोंदीत आहे. अपस्माराच्या उपचारासाठी अत्यंत कडक स्निग्ध आहारावर ठेवलेल्या दोन मुलांची दृष्टी मंदावली. तपासात थायमिन म्हणजे 'ब-१' जीवनसत्त्वाची कमतरता आढळली आणि ते दिल्यावर दृष्टी सुधारली. धान्ये व कडधान्ये हा या जीवनसत्त्वाचा आपल्याकडील नेहमीचा स्रोत आहे. धान्य वगळणाऱ्याने त्याची भरपाई कशातून करायची, याचा विचार आधी करावा लागतो.

हिरव्या पालेभाज्या, पिवळा मका आणि अंड्याचा बलक यांत ल्युटिन व झिॲक्झॅन्थिन ही पिवळी रंगद्रव्ये असतात. भिंगात आणि दृष्टिपटलाच्या मध्यभागी ती साठवली जातात. अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत या रंगद्रव्यांच्या गोळ्या दिल्या असता एकूण सहभागींत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचे प्रमाण घटले नाही, असे २०१३ मध्ये जाहीर झाले. ज्यांच्या नेहमीच्या आहारात ही रंगद्रव्ये सर्वांत कमी होती, त्या गटात मात्र लाभ दिसला. याचा व्यवहारातील अर्थ सरळ आहे : ज्याच्या ताटात पालेभाजी नियमित आहे, त्याला गोळीची फारशी गरज नाही, ज्याच्या ताटात ती नाही, त्याने ती आणावी. मेथी, पालक, चाकवत, राजगिरा, माठ, अंबाडी, शेवग्याचा पाला यांना तेलाची साधी फोडणी दिली की ही रंगद्रव्ये शरीरात चांगली शोषली जातात. 'क' जीवनसत्त्वासाठी आवळा, पेरू आणि लिंबू हाताशी आहेत. शंभर ग्रॅम पेरूत या जीवनसत्त्वाचे प्रमाण २०० मिलिग्रॅमच्या आसपास असते आणि प्रौढ व्यक्तीची दिवसाची गरज त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे.

नाचणीचे ऋण आणि तिची मर्यादा

बेळ्ळंदूर ज्या पठारावर वसले आहे, त्या जुन्या म्हैसूर प्रदेशाचे पारंपरिक अन्न म्हणजे नाचणी, म्हणजे तेथील रागी. नाचणीच्या उकडलेल्या गोळ्याला तेथे मुद्दे म्हणतात. सोबत भाज्या-डाळीचे पातळ सार असते. म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये दाखवून दिले की, नाचणीतील पॉलिफिनॉल घटक मोतीबिंदू झालेल्या भिंगांतून वेगळ्या केलेल्या अल्डोज रिडक्टेज या विकराला अटकाव करतात. वर ज्या विकरामुळे भिंगात सॉर्बिटॉल साठते असे सांगितले, तेच हे विकर. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत हळद आणि तिच्यातील कुर्क्युमिन यांमुळे मधुमेहजन्य मोतीबिंदू लांबल्याचे आढळले.

या निष्कर्षांचा अभिमान जरूर बाळगावा. त्यांची जाहिरात मात्र करू नये. परीक्षानळीत किंवा उंदरात जे घडले, ते माणसाच्या डोळ्यात तसेच घडेल, अशी खात्री देता येत नाही. शिवाय भरडधान्य म्हणजे अमृत, हा अलीकडचा प्रचारही तपासून घ्यावा लागेल. 'इंडिॲब' अभ्यासाच्या २०२५ मधील विश्लेषणात असे दिसले की, कर्बोदकांचे एकूण प्रमाण तेवढेच ठेवून केवळ पांढऱ्या धान्याऐवजी गहू किंवा भरडधान्याचे पीठ खाल्ल्याने मधुमेहाचा धोका घटत नाही. कर्बोदकांतील काही वाटा कमी करून तेथे डाळी किंवा दुधातील प्रथिने घेतल्यास मात्र धोका कमी दिसतो. नाचणीचे बारीक दळलेले पीठ शिजवून केलेली पातळ लापशी साखर लवकर वाढवू शकते. तीच नाचणी भाकरीच्या रूपात मुगाची उसळ आणि पालेभाजीबरोबर खाल्ली तर परिणाम वेगळा होतो. धान्याचे मोल त्याच्या सोबत्यांवर ठरते, हे जुन्या ताटाचे शहाणपण होते. भाकरी राहिली आणि सोबती गेले, तेथून घसरण सुरू झाली.

बेळ्ळंदूरच्या पाल्याचा धडा

भात-भाकरी कमी करून पालेभाजी वाढवावी, असे म्हटल्याने विषय संपत नाही. ती पालेभाजी कोणत्या पाण्यावर वाढली, हा पुढचा प्रश्न आहे आणि बेळ्ळंदूर या चर्चेत महत्त्वाचे ठरते ते येथे.

या तलावाच्या पाण्यावर भिजणाऱ्या जमिनीचा आणि पिकांचा अभ्यास 'करंट सायन्स' या नियतकालिकात २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. पाण्यातील जड धातू मातीत उतरतात आणि मातीतून भात व भाजीपाल्यात पोहोचतात, असे त्यातून समोर आले. जड धातू धुतल्याने जात नाहीत, शिजवल्याने नष्ट होत नाहीत. पालेभाज्यांची आणखी एक अडचण अशी की, कॅडमियमसारखा धातू धान्याच्या दाण्यापेक्षा पानांत अधिक साठतो. अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ज्या वृद्ध पुरुषांच्या हाडांत शिसे अधिक साठले होते, त्यांच्यात मोतीबिंदूचा धोका लक्षणीयरीत्या वाढलेला दिसला. जे पान भिंगाचे रक्षण करण्यासाठी ताटात आणायचे, त्याच पानातून भिंगाला घातक धातू येऊ लागला, तर आहाराचा सर्व हिशेब उलटतो.

राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बेळ्ळंदूर तलावाची स्वतःहून दखल घेतली आणि पुढे गाळ काढण्याचे काम हाती घेण्यात आले. तथापि ही कहाणी एकट्या बेळ्ळंदूरची नाही. महाराष्ट्रातील बहुतेक मोठ्या शहरांच्या खालच्या अंगाला नाल्यांच्या आणि नद्यांच्या सांडपाण्यावर पालेभाजी पिकते. ती शेतकऱ्याची हौस नसते. विहिरीचे पाणी आटलेले असते आणि नाल्याचे पाणी बाराही महिने वाहते. म्हणून दोष शेतकऱ्याच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. शहराने आपले सांडपाणी शुद्ध करूनच सोडले पाहिजे, ही मागणी पर्यावरणवाद्यांइतकीच पोषणतज्ज्ञांनी आणि कृषिशास्त्रज्ञांनीही लावून धरली पाहिजे. तोपर्यंत अशा पाण्यावर फुलझाडे किंवा रोपवाटिकेतील शोभेची झाडे घेणे आणि पालेभाजी निर्धोक पाण्यावर हलवणे, हा मधला मार्ग विस्तार कार्यकर्त्यांनी सुचवावा.

पाण्यानंतर फवारणी. मेथी महिन्याभरात, तर कोथिंबीर दीड महिन्याच्या आत बाजारात जाते. मावा, नागअळी किंवा पाने खाणारी अळी दिसली की काढणीच्या तोंडावर फवारणी होते आणि कीटकनाशकाच्या वेष्टनावर छापलेला प्रतीक्षा कालावधी पाळायला दिवसच उरत नाहीत. अनेक कीटकनाशकांच्या नोंदणीत पालेभाज्यांचा समावेशही नसतो. कापसासाठी आणलेली बाटली शेजारच्या वाफ्यावर रिकामी होते. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरण्यास २००५ पासून बंदी आहे, हे आजही गावोगावी सांगावे लागते. पालेभाजीतील कीड नियंत्रण हे मुळात प्रतिबंधाचे काम आहे : पिकाची फेरपालट, वाफ्यांभोवती कीडरोधक जाळी, पिवळे चिकट सापळे, अंडीपुंज व अळ्या हाताने वेचणे आणि गरज भासल्यास पाच टक्के निंबोळी अर्क. ज्या पिकाचे पान थेट तोंडात जाते, त्या पिकात रासायनिक फवारणी हा शेवटचा उपाय असावा, पहिला नव्हे.

या संदर्भात झेंडूचे उदाहरण बोलके आहे. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने टोमॅटोच्या सोळा ओळींमागे आफ्रिकन झेंडूची एक ओळ लावण्याची पद्धत विकसित केली. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूकडे आकृष्ट होऊन तेथे अंडी घालतो आणि टोमॅटोवरील फवारण्या कमी होतात. त्यासाठी झेंडूची रोपे सुमारे चाळीस दिवसांची आणि टोमॅटोची पंचवीस दिवसांची असताना एकाच वेळी लावायची असतात, म्हणजे दोन्ही पिके एकत्र फुलोऱ्यात येतात. याच झेंडूच्या पाकळ्यांतून ल्युटिन काढले जाते आणि डोळ्यांच्या गोळ्यांत भरले जाते. बेळ्ळंदूरच्या औषध दुकानात महागात मिळणारी ती गोळी आणि शेतातील सापळा पीक, दोहोंचे मूळ एकाच फुलात आहे. शेती आणि आरोग्य हे दोन वेगळे विभाग आहेत, ही सोय कार्यालयांची; निसर्गाने अशी विभागणी केलेली नाही.

मधुमेहींसाठी सावधगिरी

ज्यांना मधुमेह आहे आणि ज्यांनी कर्बोदके कमी करण्याचे ठरवले आहे, त्यांना काही गोष्टी स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. साखर वेगाने उतरली की भिंगातील पाण्याचे प्रमाण बदलते आणि काही आठवडे दृष्टी धूसर वाटू शकते, चष्म्याचा नंबर बदलल्यासारखा भासतो. हा बदल बहुधा तात्पुरता असतो. साखर स्थिर होईपर्यंत नवा चष्मा करण्याची घाई करू नये. 'आहाराने नंबर उतरला' या दाव्यामागे अनेकदा हेच कारण असते.

ज्यांच्या दृष्टिपटलाला मधुमेहाने आधीच इजा पोहोचली आहे, त्यांच्यात साखर अचानक नियंत्रणात आणल्यास ती इजा प्रारंभी वाढू शकते, हे १९८० च्या दशकापासून ज्ञात आहे. दीर्घकाळाचा विचार करता साखर नियंत्रणात असणे हिताचेच आहे. परंतु आहारात मोठा बदल करण्यापूर्वी दृष्टिपटलाची तपासणी करून घ्यावी. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना डॉक्टरांना न विचारता भाकरी बंद केली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. कार्यालयात खुर्चीवर बसलेल्या माणसाला असे झाले तर शेजारी कोणी तरी असते. भर उन्हात एकट्याने पाणी देणाऱ्या शेतकऱ्याला घेरी आली, तर मदत मिळायला उशीर लागतो. शिवाय दिवसभर अंगमेहनत करणाऱ्याची ऊर्जेची गरजही निराळी असते. शहरातील ताट गावात जसेच्या तसे उचलून आणता येत नाही.

आणि एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगावी : मोतीबिंदू एकदा झाला की तो कोणत्याही आहाराने, काढ्याने किंवा थेंबांनी विरघळत नाही. शस्त्रक्रिया हाच त्यावरील उपाय आहे आणि ती शासकीय रुग्णालयांत विनामूल्य होते. आहाराच्या भरवशावर शस्त्रक्रिया लांबवणाऱ्या वृद्धाची बिघडलेली नजर पाय घसरून पडण्याला आणि परावलंबित्वाला आमंत्रण देते.

विस्तार यंत्रणेचे काम

या विवेचनातून कृषी विस्तारासाठी एक मागणी पुढे येते. पीक प्रात्यक्षिकांत एकरी उत्पादन मोजले जाते. पिकवणाऱ्या कुटुंबाच्या ताटात त्यातील काय पोहोचले, हे मोजले जात नाही. भाजीपाला पिकवणाऱ्या कितीतरी घरांत भाजीची जुडी बाजारात जाते आणि घरच्या ताटात भाकरी-चटणी उरते. डाळ विकली जाते, पेरूची पेटी विकली जाते, अंडी विकली जातात. शहरातील मुलगा भाकरी सोडून सॅलड खातो आणि ते सॅलड पिकवणारे त्याचे आई-वडील भाजी सोडून भाकरी खातात. ही विसंगती दूर करणे हे कर्बोदकांच्या टक्केवारीवरील वादापेक्षा अधिक निकडीचे काम आहे.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार धान्यांतून मिळणारी ऊर्जा ४५ टक्क्यांपेक्षा अधिक नसावी आणि रोज भाज्या व फळे मिळून सुमारे ५०० ग्रॅम खावीत. हे प्रमाण गाठण्यासाठी विस्तार कार्यकर्त्यांना हाती घेता येतील अशा गोष्टी मोजक्या आहेत. प्रत्येक प्रात्यक्षिकासोबत घरापुरती परसबाग उभी करावी : दोन वाफे पालेभाजी, एक शेवगा, एक पेरू, एक लिंबू. सांडपाणी वापरले जाते त्या गावांत मातीच्या व पाण्याच्या नमुन्यांत जड धातूंची तपासणी करवून घ्यावी. पालेभाजीसाठी वेगळे कीड व्यवस्थापन वेळापत्रक द्यावे. शेतीशाळेत रुंद काठाची टोपी, धूररहित चूल आणि वर्षातून एकदा नेत्रतपासणी यांचाही उल्लेख व्हावा. आंतरपीक म्हणून घेतलेल्या तुरी-मुगातील काही पोती घरासाठी राखून ठेवण्याचा आग्रह धरावा.

बेळ्ळंदूरहून आलेल्या दूरध्वनीवरील सल्ल्यात तथ्याचा अंश आहे. तो तेवढाच स्वीकारावा. भाकरी एकाने कमी करावी, टाकून देऊ नये. त्या एका भाकरीच्या जागी वाटीभर उसळ आणि स्वच्छ पाण्यावर, विनाफवारणी वाढलेली मूठभर हिरवी पाने यावीत. तशी पाने प्रत्येक घराच्या आवाक्यात आणून देणे कोणत्याही नेत्रतज्ज्ञाच्या हाती नाही. ते शेतकऱ्याच्या आणि त्याच्यासोबत बांधावर उभ्या राहणाऱ्या विस्तार कार्यकर्त्याच्या हाती आहे.